सोमवारचा घास

"ऊठ तितनं. म्या थापते," असं म्हणत ठकुबाईंनी सुनेच्या हातातला पिठाचा गोळा काढून घेतला.

रविवारची भर दुपार होती. धरण बघायला पुण्याहून आलेली माणसं बाहेर बाकड्यांवर भाकरीची वाट बघत चुलीचे फोटो काढत होती. अशा वेळी चुलीपुढून उठायचं म्हणजे ड्रायव्हरनं चालत्या एसटीतून उतरायचं. रत्ना काटवटीपुढे तशीच बसून राहिली.

"आत्याबाई, माझं काय चुकलं का?"

"चुकायचं काय त्यात? जा, सावलीला टेक जरा. जा गं बाय माझे."

बाय माझे! रत्ना पीठ झटकत उठलीच. लग्न होऊन आल्यापासून ती पानशेतच्या या पत्र्याच्या हॉटेलात भाकऱ्या थापत होती. भाकरी फुगली नाही की आधी तिचा हात, मग तिचं माहेर आणि शेवटी माहेरची माती, अशा क्रमानं उद्धार करायची ठकुबाईंची रीत. फुगली तर त्या काहीच बोलत नसत. तेच कौतुक समजायचं. अशा बाईच्या तोंडून 'बाय माझे' आलं म्हणजे काहीतरी भयंकर घडलं होतं.

घडलं होतंच. फक्त ते रत्नाला कुणी सांगितलं नव्हतं.

तिला पाचवा महिना होता. डाव्या बरगडीखाली बरेच दिवस ठसठसायचं, चार घास जास्त गेले की अधिकच. त्याला सगळ्यांनी पित्त ठरवून टाकलं होतं, आणि पित्तावर तर प्रत्येकाकडे घरचं औषध असतं. गुरुवारी सोनोग्राफी झाली. बाळ छान आहे असं सांगून डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि तिच्या नवऱ्याला, सोमनाथला, आत बोलावलं. बाळ खरंच छान होतं. पण त्याच्या वरच्या अंगाला, जठराच्या मागे स्वादुपिंड म्हणून एक अवयव असतो, त्याच्या शेपटाला पाण्यानं भरलेली गाठ होती. चांगली मोसंबीपेक्षा मोठी. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय करा, सर्जनना दाखवा, अंगावर काढू नका, असं त्याला सांगण्यात आलं.

सोमनाथ दुधाचा टेम्पो चालवतो. उतारावर ब्रेक लागला नाही तर काय करायचं ते त्याला येतं. बायकोला हे असलं कसं सांगायचं ते येत नव्हतं. त्यानं येताना पेढे घेतले, वाटेत एकदा टेम्पो थांबवून उगाच टायर बघितले, आणि घरी आल्यावर आईला सांगितलं. आता आई सांगेल असं त्यानं धरलं. ठकुबाईंना वाटलं, असली गोष्ट पोरीला तिच्या आईच्या तोंडूनच कळावी. त्यांनी रत्नाच्या माहेरी, हिर्डोशीला, निरोप धाडला. रत्नाची आई, हौसाबाई, भोर-स्वारगेट करत एसट्या बदलत शनिवारी पानशेतला आली, ती लेकीला सासरच्यांनी सगळं सांगितलेलं असणार असं धरूनच. नाही सांगितलेलं, हे कळल्यावर तिला वाटलं, दुसऱ्याच्या घरात आपण पुढं होऊन बोलणं बरं दिसत नाही.

असं ते एक वाक्य तिघांच्या तोंडात फिरत राहिलं. गिळताही येईना, थुंकताही येईना.

रत्ना मात्र डोळे उघडे ठेवून होती, आणि तिच्या बाजूनं बघितलं तर सगळं सरळ जुळत होतं. आई अचानक आली. एकटी आली. आबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, काही निरोप नाही, त्यांनी दिलेली तांदळाची पिशवी नाही. लेकीकडे जाणाऱ्या माणसाच्या हातात आबा काही न देता त्याला उंबरा ओलांडू देतील, हे शक्य नव्हतं. आबा कसे आहेत असं विचारलं तर आई म्हणाली, बरे हाईत, आणि लगेच पदराच्या गाठीशी खेळायला लागली. फोन लावून दे म्हटलं तर म्हणाली, गावात रेंज न्हाई. गावात रेंज नव्हतीच, पण ते सांगताना आईनं तिच्याकडे बघितलं नाही.

आणि डोंगरातल्या गावांत पोटुशी बाईला मर्तिक कळवत नाहीत.

रत्नाला ही रीत पुस्तकातून नव्हे, घरातूनच ठाऊक होती. तिचा चुलत भाऊ वारला तेव्हा त्याची सख्खी बहीण सातव्या महिन्यात होती. मूल होईपर्यंत सगळ्या गावानं त्या भावाला मुंबईला नोकरीला लावून ठेवलं होतं. त्याला बढतीसुद्धा दिली होती.

तिनं आईचं कपाळ निरखून बघितलं. कुंकू होतं. पण नेहमीपेक्षा मोठं होतं. हौसाबाईनं व्याह्यांकडे जायचं म्हणून ते ठसठशीत लावलं होतं, आणि तांदळाची पिशवी घाईत घरीच विसरली होती. रत्नाला वाटलं, मला दिसावं म्हणून लावायला लावलंय. आपल्यासाठी आई काय काय सोसतेय, या विचारानं तिला भडभडून आलं. आणि रडायला जागा नव्हती. चुलीपुढे बसलं असतं तर धुराच्या नावावर खपलं असतं, पण चूल तर सासूनं काढून घेतलेली. मग ती म्हणाली, कांदा तरी चिरते, आणि त्या दुपारी तिनं हॉटेलाला लागला नसता इतका कांदा चिरला.

विचारायचं नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं. ही माणसं माझ्या जिवासाठी एवढं सोंग धरून उभी आहेत. ते मोडायचं कशाला? मी रडले तर पोटातल्याला बाधेल. मूल होऊ दे, मग मोकळं होऊ. तोवर आपलं आपण गिळायचं.

तिचे आबा, कोंडिबा, बोलणारे गृहस्थ नव्हते. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरहून परतताना ते तिला एसटीपर्यंत सोडायला आले होते. शेजारी नवरा बसलेला असताना त्यांनी कंडक्टरला बजावलं होतं, "हिला पानशेतलाच जायाचंय. कुठं मदीच उतरवू नगासा." कंडक्टर हसला होता, सोमनाथ हसला होता. रत्नाही. आता ते आठवून तिनं आणखी एक कांदा घेतला.

आता प्रश्न दहाव्याचा होता. आबा कधी गेले तेच माहीत नाही, तर दहावा कुठला धरायचा? तिनं सोमवार धरला. सोमवारी हॉटेल बंद असतं.

सकाळी सासू आंघोळीला आणि आई देवापुढे बसलेली बघून तिनं वाटीभर भात आणि काळ्या घेवड्याची आमटी केळीच्या पानावर घेतली. आबांना घेवडा आवडायचा. हॉटेलामागच्या दगडी गडग्यावर तिनं पान ठेवलं, हात जोडले आणि मागं सरायला पाय उचलला, तेवढ्यात कावळा शिवला.

शिवला कसला, तुटून पडला. त्याच्यामागून आणखी दोन आले. हॉटेलामागचे कावळे ते. त्यांना पितर आणि पिठलं सारखंच. पण रत्नाला हे सुचलं नाही. तिला वाटलं, कावळा इतक्या लगेच शिवला म्हणजे आबांची काही इच्छाच उरली नव्हती. माझं लेकरू बघायचीसुद्धा? आणि दोन दिवस धरून ठेवलेला हुंदका बाहेर पडला.

ठकुबाई ओले केस पुसत मागच्या दाराशी उभ्या होत्या.

"कुनाला घातलास घास?"

रत्नानं पदरानं डोळे पुसले.

"रत्ना, म्या काय इचारते?"

"आत्याबाई, मला समदं समजलंय. आता तुमी लपवू नगा," ती म्हणाली. "आबांला घातला."

ठकुबाई धुण्याच्या दगडावर बसल्याच. "कोंडिबा गेलं? कवा?"

त्यांचा चेहरा बघून रत्नाला वाटलं, अजूनही सोंग करतात. ठकुबाईंना वाटलं, हिला फोन आला असणार. त्यांनी आत हाक मारली, "इहीणबाई, हिकडं या लवकर," आणि हाकेतला सूर ऐकूनच हौसाबाई धावत आली. लेक रडतेय, विहीण तोंडाला पदर लावून बसलीय, गडग्यावर पान आणि कावळे. डोंगरातल्या बाईला एवढं पुरतं. "कोन?" तिनं विचारलं. ठकुबाई कशाबशा म्हणाल्या, "तुमचं मालक," आणि हौसाबाईनं खालीच बसकण मारली.

मग तिघी रडल्या. मनापासून रडल्या. शेजारची बाई गडग्यावरून डोकावून गेली आणि तीही डोळे पुसत गेली. रडता रडता हौसाबाई म्हणाली, "आन मला कुनी कळवलं न्हाई गं. तुला कुनी सांगितलं, रत्ना?"

रत्ना रडायची थांबली.

"मंजे? तूच न्हाई का आलीस? कुंकू लावून?"

"अगं, कुंकू न लावता येऊ व्हय?"

ठकुबाई उठल्या. हॉटेल चालवणाऱ्या बाईला रडणं किती वेळ चालवायचं याचा अंदाज असतो. त्यांनी आतून मोबाईल आणला आणि हिर्डोशीच्या फाट्यावरच्या दुकानात लावला. तिथं तेवढी रेंज असते. दुकानदार हनुमंतानं उचलला. कोंडिबांची काय खबर, असं ठकुबाईंनी जपून विचारलं. हनुमंत म्हणाला, खबर कसली, हितंच बसून च्या पित्यात, देऊ का?

फोन रत्नाच्या कानाला लागला.

"आबा," ती म्हणाली. लगेच तिनं फोन आईपुढे धरला. मग हौसाबाईनं फोन घेऊन सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज तिघींना ऐकू येत होता.

"म्या?" कोंडिबा म्हणाले. "न्हाई बा. आजून तरी न्हाई."

त्यावर रत्ना हसायला लागली. हसता हसता तिला बरगडीखाली दुखलं, तरी थांबता येईना. ठकुबाई हसल्या, हौसाबाई एका डोळ्यानं हसली. आणि मग रत्नानं तोंड पुसून विचारलं,

"आबा बरं हाईत. मंग तुमी समदी तोंडं कशापायी लपवताय?"

ठकुबाई विहिणीकडे वळल्या.

"सांगा की, इहीणबाई. लेक तुमची हाय."

"सून तुमची न्हवं का?"

कावळे पान ओढून खाली नेत होते. ठकुबाईंनी त्यांना हाकलायला हात उचलला, खाली घेतला, आणि सुनेसमोर उकिडव्या बसल्या.

"हे बघ. तुज्या पोटात लेकराच्या वरल्या अंगाला गाठ हाय. पान्याची हाय म्हनत्यात. पुन्याला दावायची हाय. काढायचीबी असंल."

रत्नानं सासूकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

भीती नंतर आली. एमआरआयच्या त्या धडधडत्या भुयारात झोपल्यावर तर चांगलीच आली. पण 'एवढंच' एकदा तोंडातून गेलं होतं, दोन साक्षीदारांसमक्ष, आणि ते परत घेता येत नव्हतं. माणूस कधी कधी आपल्याच शब्दाला बांधून घेतो आणि त्याचा आधार होतो.

पुण्याच्या हॉस्पिटलात सर्जन होत्या शेफाली मॅडम. त्यांनी रत्नाला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि सोमनाथला मागच्या. त्यावरूनच ठकुबाईंनी ही डॉक्टरीण बरी आहे असं ठरवलं. मॅडमनी चित्र काढून सांगितलं. अशी गाठ बहुतेक बायकांनाच होते, आणि दिवस गेले की कधी कधी झपाट्यानं वाढते. आज ती वाईट दिसत नाही, पण ठेवली तर पुढं वाईट होऊ शकते. गर्भाशय वर चढेल तशी ती दाबली जाईल. फुटली तर आईलाही धोका आणि बाळालाही. काढायची तर आत्ताचे हे दिवस त्यातल्या त्यात चांगले. स्वादुपिंडाचं शेपूट काढावं लागेल, सोबत कदाचित शेजारची पानथरी, म्हणजे प्लीहाही. बाळाला धोका कमी आहे. मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. दुसरा रस्ता म्हणजे लक्ष ठेवायचं आणि बाळंतपणानंतर काढायची.

दोघी विहिणींचं लग्नाच्या मानपानापासून कशावरच एकमत झालेलं नव्हतं. इथं झालं. आधी लेकरू सुखरूप हातात येऊ दे, गाठीचं मग बघू. सोमनाथ मान खाली घालून टेम्पोची किल्ली फिरवत होता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मॅडमनी रत्नाकडे बघितलं.

"मॅडम, थांबलं तर आत काय चाललंय ते रोज कळंल का?"

"रोज नाही. काही आठवड्यांनी सोनोग्राफी करू."

"मंजे मदल्या दिसांत आपला आपन अंदाज बांदायचा."

"तसंच काहीसं."

रत्नानं थोडा विचार केला. "अंदाज मला जमत न्हाईत, मॅडम. परवाच एक लई चुकलाय," ती म्हणाली. "काढा तुमी."

हौसाबाई तोंड उघडणार तोच ठकुबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. सोमनाथनं किल्ली खिशात टाकली आणि पहिल्यांदाच बायकोच्या डोळ्यांत बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "म्या तवाच सांगाया पायजे हुतं." ती म्हणाली, व्हय, पायजे हुतं. तेवढ्यावर ते भांडण संपलं. तसं ते अजूनही अधूनमधून निघतं.

पानथरी गेली तर लागणाऱ्या लसी आधी झाल्या, मग ऑपरेशनचा दिवस ठरला. त्या दिवशी कोंडिबा आले. हिर्डोशीच्या पहिल्या एसटीसाठी ते अंधारात निघाले असणार. खांद्याला भाकरीचं फडकं, हातात गावच्या पाण्याची बाटली. लेकीला मूल होत नाही तोवर बापानं तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. हॉस्पिटल म्हणजे काही सासर नव्हे, असं सोमनाथनं समजावलं. पण चहा आणणारा जावई होता, म्हणून कोंडिबांनी चहासुद्धा घेतला नाही. जिन्याखाली बसून स्वतःची बाटली उघडली, झाकण लावलं, पुन्हा उघडली. प्यायले नाहीत.

दार लोटून आत नेण्याआधी रत्नाची गाडी त्यांच्याजवळ थांबली. कोंडिबा गाडी ढकलणाऱ्या मावशींना म्हणाले, "दमानं न्या." मावशी म्हणाल्या, दमानंच नेते, बाबा.

बाहेर दोघी विहिणी एकमेकींना चिकटून बसल्या. ठकुबाईंनी त्या दिवशी कुणाचाही उद्धार केला नाही.

गाठ अखंड निघाली. पानथरी वाचवता आली नाही. रात्री नर्सनं रत्नाच्या पोटाला यंत्र लावलं. आधी नुसती खरखर, मग मागून एक बारीक, घाईघाईचा ठोका, जणू कुणाला तरी उशीर झालाय आणि ते पळत निघालंय. रत्ना गुंगीत होती. तिनं विचारलं, "ह्ये कोन?" नर्स म्हणाली, तुमचंच आहे.

पुढं तपासणीचा रिपोर्ट आला. वाईट पेशी नव्हत्या. साखरेवर लक्ष ठेवा, ताप आला तर घरी बसू नका, बाळंतपण पुण्यातच करायचं, असं मॅडमनी बजावलं. लेकीला हिर्डोशीला नेऊन पहिलं बाळंतपण करायचं हौसाबाईचं स्वप्न राहिलं ते राहिलंच. त्यासाठी ती एक दिवस रुसली. मग ठकुबाई म्हणाल्या, माहेराला हिकडं यायला कुनी अडवलंय? आणि मागची खोली सारवायला काढली.

रत्ना घरी आली तेव्हा तिच्या पोटावर मोठी शिवण होती आणि शिवणीखाली लाथा. खाली बसायची मनाई होती, चुलीची मनाई होती. हॉटेलातले येणारे-जाणारे विचारायचे, भाकरी आज वेगळी का लागतेय? ठकुबाई म्हणायच्या, तशीच लागनार, गप खावा.

महिनाभरानं एका सकाळी कोंडिबा बायकोला आणि लेकीला बघायला पानशेतला आले. उन्हानं काळवंडलेले, पायांवर लाल धूळ. आत न येता नेहमीसारखे बाहेरच्या बाकड्यावर बसले आणि फडकं सोडायला घेतलं. दारातून रत्ना बघत होती. फडक्याची एक गाठ सुटली. दुसरीशी ते थांबले. मग सुटलेली गाठ त्यांनी पुन्हा बांधली आणि फडकं बाजूला ठेवलं.

"रत्ना, एक भाकरी टाक."

हौसाबाई आतून आली. "आवं, आजून व्हायचंय ना. दोन-तीन म्हयनं हाईत. येवढं थांबलासा, आन आता..."

"नातवंड येईल तवा येईल," कोंडिबा म्हणाले. "लेक हाय न्हवं घरात. मला भूक आत्ता लागलीया."

ठकुबाईंनी गॅसच्या ओट्यावर परात ठेवली आणि गरम पाणी दिलं. रत्ना उभ्यानं पीठ मळायला लागली. शिवण ओढायची, त्यामुळे डावा हात अजून जोर देत नव्हता. उजव्यानं ती गोल फिरवत राहिली, कडा पातळ करत. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. भाकरी एका बाजूनं फुगली, एका बाजूनं नाही. ठकुबाई बघत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

ताट रत्नानं स्वतः बाहेर नेलं. कोंडिबांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. दात थोडेच उरले होते; ते सावकाश चावत राहिले. रत्ना पोटावर हात ठेवून समोर उभी होती. त्यांच्या गळ्यातली घाटी वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, तो ठकुबाईंच्या घरचा होता, आणि वरून धार सोडून प्यायला लागले.